शीचा रंग कधी बघायचा आणि लघवी कधी मोजायची

जून-जुलैत नागपुरातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं, तर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "लेकराला हिरवी हिरवी होऊन राहिली, काही तरी द्या." आजी घाबरलेली असते, आईची रात्रभर झोप झालेली नसते, आणि समोर पटकन एक बाटली ठेवली जाते. हिरवा रंग बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. त्या लेकराने सकाळपासून लघवी केली का, हा खरा प्रश्न असतो आणि तो कोणीच विचारत नाही.

याच्या उलटही घडतं. सव्वा महिन्याचं गुटगुटीत बाळ, डोळ्यांत किंचित पिवळी झाक, शी फिकट होत होत पांढुरकी झालेली. पण बाळ हसतं, दूध ओढतं, म्हणून घरात कोणाला चिंता वाटत नाही. इथे मात्र रंगच सगळं सांगत असतो आणि एकेक आठवडा मोलाचा असतो.

जुलाबात आपण रंगाला घाबरतो आणि अंगातून निघून गेलेल्या पाण्याकडे दुर्लक्ष करतो. जिथे रंग खरोखर बघायला हवा, तिथे नेमका बघत नाही. एवढी एक गल्लत दुरुस्त झाली तरी पुष्कळ घरांतली धावपळ वाचेल आणि काही जीवही वाचतील.

तपकिरी रंग येतो कुठून

रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की आतल्या हिमोग्लोबिनपासून आधी हिरवं आणि मग पिवळं रंगद्रव्य बनतं. हे पिवळं म्हणजे बिलिरुबिन, काविळीच्या रिपोर्टवर ज्याचा आकडा आपण शोधतो तेच. यकृत ते पित्तरसात सोडतं, पित्तरस नळीतून लहान आतड्यात उतरतो, आणि पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याच्यावर काम करून त्याला तपकिरी करतात.

या प्रवासात कुठे काय चुकलं ते रंगावरून कळतं. पित्तरस आतड्यात पोचलाच नाही, तर शी पांढुरकी होते. पोचला पण आतड्यातून सगळं घाईने पुढे गेलं, तर जिवाणूंना वेळ मिळत नाही आणि हिरवी किंवा पिवळी शी होते. वाटेत कुठे रक्त मिसळलं, तर ते वर मिसळलं की खाली, यावर काळी होणार की लाल हे ठरतं.

हिरवी शी आणि आईवर येणारा आळ

बाळाची पहिली शी काळपट हिरवी आणि चिकट असते. ती साधारणपणे पहिल्या २४ तासांत व्हायला हवी. ४८ तास उलटूनही झाली नसेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत रंग मोहरीसारखा पिवळा होतो. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळ, दाणेदार असते, आणि काही बाळं दर पाजण्यानंतर, म्हणजे दिवसाला आठ-दहा वेळाही करतात. वजन वाढतंय, दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी होतेय, बाळ चांगलं ओढतंय, तर हे जुलाब नव्हेत. तीच बाळं दीड-दोन महिन्यांची झाली की कधी कधी चार-पाच दिवस शीच करत नाहीत आणि मग मऊ करतात. तेही चालतं.

अशा बाळाची शी एखाद्या दिवशी हिरवी झाली, की घरात चौकशी सुरू होते ती आईची. काल सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) खाल्लीस का, आंबा खाल्लास का, पंख्याखाली झोपलीस का. मग तिचं खाणं आणखी आवळलं जातं, आणि वाईट म्हणजे कोणीतरी अंगावरचं दूध बंद करायला सांगतं. असं करू नये, एवढं अगदी ठासून सांगावंसं वाटतं. हिरवा रंग बहुतेक वेळा फक्त आतड्याची घाई दाखवतो. दूध बंद केल्याने बाळाचं पाणी तुटतं आणि संसर्गाशी लढायला आईकडून मिळणारी मदतही तुटते.

"दात येऊन राहिले म्हणून जुलाब" हाही असाच घट्ट बसलेला समज. दात येण्याच्या वयात बाळ रांगायला लागतं, हाताला येईल ते तोंडात घालतं, आणि वरचं खाणं नुकतंच सुरू झालेलं असतं. जुलाब होतात ते या जंतूंमुळे. दातांवर सोडून दिलं की उपचाराला उशीर होतो.

खाण्यामुळे बदलणारे रंगही आधी आठवून बघावेत. पालकाने किंवा बर्फाच्या गोळ्यावरच्या रंगीत सरबताने हिरवी होते, बीटाने लाल होते, जांभळं भरपूर खाल्ली की दुसऱ्या दिवशी काळपट जांभळी होते. तर्रीतल्या मिरचीची आणि टमाटरची सालं न पचता बाहेर पडली की रक्तासारखी दिसतात, आणि सावजी जेवणानंतर होणारी जळजळ बघून माणूस आणखीनच घाबरतो. दोन दिवसांत रंग पूर्ववत झाला तर विषय संपला.

पांढरी शी: इथे थांबायचं नाही

नवजात बाळाची कावीळ बऱ्याच घरांत होते आणि बहुतेकदा दोन आठवड्यांत आपोआप उतरते. म्हणूनच १४ दिवसांनंतरही डोळे पिवळे असतील, तर "अजून थोडं कोवळं ऊन दाखवा" म्हणत बसू नये. लंगोट दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी नेऊन बघावा. ट्यूबलाइटखाली फिकट पिवळा आणि पांढुरका यांतला फरक कळत नाही. शी खडूसारखी, मातकट पांढरी किंवा अगदी फिकट साईसारखी दिसतेय का? लघवीने लंगोटावर पिवळा डाग पडतोय का? एवढ्या लहान बाळाची लघवी जवळजवळ रंगहीन असते, त्यामुळे तो डागही एक खूणच आहे.

या दोन खुणा एकत्र दिसल्या तर बाळाची पित्तनळी बंद असण्याची शक्यता असते. हा आजार दर काही हजार बाळांमागे एखाद्याला होतो, पण झाला तर पित्तरस यकृतातच अडकून यकृत खराब करत जातो. मोरिओ कासाई या जपानी सर्जनने १९५० च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली: बंद नळी काढून आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडायचा. बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत ती झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता बरीच चांगली असते. पुढे ती घटत जाते आणि शेवटी यकृत प्रत्यारोपणावाचून मार्ग उरत नाही. तैवानने २००४ पासून देशभर आयांच्या हाती शीच्या रंगांचं एक छापील कार्ड दिलं. ते बघून आई घरीच ओळखते, आणि तिथे ही बाळं लवकर सापडू लागली.

आपल्याकडे मधले आठवडे जातात ते काविळीचं झाडपाल्याचं औषध, गळ्यात माळ, आणि "बाळ तर छान आहे" या समाधानात. डॉक्टरांकडे रक्तातलं एकूण बिलिरुबिन आणि त्यातलं डायरेक्ट (म्हणजे यकृताने प्रक्रिया केलेलं) बिलिरुबिन वेगवेगळं तपासून मागा. सूर्यप्रकाशाने जी कावीळ कमी होते ती वेगळी. डायरेक्ट बिलिरुबिन वाढलेल्या या दुसऱ्या प्रकारावर उन्हाचा काहीही उपयोग नाही. नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्ससारख्या मोठ्या रुग्णालयाच्या बालरोग विभागात लगेच दाखवा.

मोठ्या माणसांत पांढुरकी संडास, गडद लघवी आणि अंगाला खाज असं तिन्ही असेल तर पित्तनळीत खडा किंवा अडथळा आहे का ते बघावं लागतं. पावसाळ्यात दूषित पाण्याने होणाऱ्या काविळीतही काही दिवस रंग फिका पडतो. विदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांत तांबड्या पेशी १०-२० दिवसांतच मोडतात, बिलिरुबिन जास्त तयार होतं आणि त्याचे खडे पित्ताशयात लहान वयातच साचू शकतात. सिकलसेल असलेल्या मुलाचे डोळे नेहमीच थोडे पिवळे असतात म्हणून घरचे सवयीने दुर्लक्ष करतात. संडास पांढरी झाली की ते दुर्लक्ष चालणार नाही. (क्ष-किरण तपासणीसाठी बेरियम प्यायलं असेल तर एक-दोन दिवस पांढरी होते, तिची भीती नको.)

काळी आणि लाल

लोहाच्या गोळ्या सुरू असलेल्या गरोदर बाईची संडास काळपट हिरवी होते. तेवढ्यासाठी गोळ्या बंद करू नयेत. ही काळी संडास एरवीसारखीच घट्ट असते आणि वासही फार वेगळा नसतो. पोटात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्तस्राव झाला, की पचलेल्या रक्तामुळे होणारी संडास डांबरासारखी असते: चकचकीत, चिकट, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहणारी, आणि तिचा उग्र वास एकदा आला की विसरत नाही. यासाठी फार रक्त जावं लागतं असंही नाही. ५० ते १०० मिलिलिटर पुरेसं असतं.

ही डांबरी संडास कोणाला होते? गुडघेदुखीसाठी महिनोन् महिने दुकानातून परस्पर दुखण्याची गोळी आणून घेणाऱ्या आजी-आजोबांना, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना, पोटात अल्सर असलेल्यांना, दारूने यकृत खराब झालेल्यांना. सोबत चक्कर, घाम, धडधड असेल तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन लावा.

लाल रंगात दुखतं की नाही हे आधी विचारा. कडक संडास होताना चिरल्यासारखं दुखून शेवटी लालभडक थेंब पडले, तर बहुधा गुदद्वाराशी चीर गेलेली असते. लहान मुलांत हेच सर्वांत जास्त दिसतं आणि बद्धकोष्ठता गेली की भरून येतं. न दुखता धार लागली तर मूळव्याध असू शकते. मुरडा, ताप, आणि शेंबडासारख्या आवेत मिसळलेलं रक्त म्हणजे रक्ती आव. तिथे डॉक्टर तपासून अँटिबायोटिक देतात.

पण चाळिशी-पन्नाशीनंतर रक्त दिसलं आणि ते मूळव्याधीवर ढकललं, ही फार महागात पडणारी सवय आहे. भिंतीवर "मूळव्याधीचा खात्रीशीर इलाज" वाचून लोक वर्षभर मलम लावत राहतात. काही आठवडे संडासची सवय बदललेली, वजन उतरलेलं, हिमोग्लोबिन कमी झालेलं असेल, तर मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घ्यायलाच हवी. गाठ लवकर सापडली तर काढता येते.

बाळांत एक लाल खूण अगदी वेगळी असते. साधारण तीन महिने ते दोन वर्षांचं बाळ अचानक किंचाळून रडतं, पाय पोटाशी घेतं, काही मिनिटांनी शांत होतं, पुन्हा तसंच करतं, उलट्या होतात, आणि मग जेलीसारखी लालसर चिकट शी होते. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरलेला असतो. लवकर पोचलं तर पुष्कळदा ऑपरेशनशिवाय, गुदद्वारातून हवा किंवा द्रव दाबाने सोडून तो सरळ करता येतो. जेलीची वाट बघायची नाही. तसं थांबून थांबून रडणं हीच निघायची वेळ.

जुलाब झाले की काय बघायचं

२४ तासांत तीन किंवा जास्त वेळा नेहमीपेक्षा पातळ झालं की जुलाब. लहान मुलांत बहुतेकदा विषाणू कारण असतात, आणि ते कुठल्याही गोळीशिवाय काही दिवसांत ओसरतात. तोवर जीव धोक्यात येतो तो पाणी आणि क्षार निघून गेल्याने. कॉलऱ्यात तर तांदळाच्या धुवणासारखं पाणी मोठ्या माणसाच्या अंगातूनही तासाला एक लिटरपर्यंत जाऊ शकतं. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात चिखलदरा तालुक्यातल्या गावांत विहिरीच्या दूषित पाण्याने हेच झालं आणि माणसं दगावली.

म्हणून जुलाबाच्या मुलाकडे असं बघा. सहा-आठ तासांत लघवी झाली का. रडताना डोळ्यांत पाणी येतं का. डोळे खोल गेलेत का, तान्ह्या बाळाची टाळू आत बसली आहे का. बेंबीच्या बाजूची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच सपाट होते का. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी तशीच राहिली तर पाणी फार कमी झालंय. आणि मूल पाण्यासाठी हावरट झालंय की पाणी प्यायचीही शुद्ध नाही? दुसरी अवस्था असेल, किंवा प्यायलेलं सगळं उलटून पडत असेल, तर सलाईनची गरज असते, तिथे घरचे उपाय थांबवून थेट रुग्णालय. बाकी पुष्कळांना ओआरएस पुरतं. "सलाईन लावा म्हणजे ताकद येते" असा आग्रह धरून डॉक्टरांना भाग पाडू नये.

ओआरएस काम कसं करतं हे कळलं की त्यावर विश्वास बसतो. जुलाबात आतड्याची बरीचशी यंत्रणा बिघडली, तरी साखर आणि मीठ एकत्र आत घेणारी एक वाट शाबूत राहते, आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं. साखरेशिवाय मीठ नीट जात नाही. साखर जास्त झाली तर ती उलट पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांमध्ये मीठ-साखरेचं पाणी कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

इतकं चांगलं औषध घरी येऊन वाया जातं ते कालवताना. पाकिटाचा कोपरा फाडला जातो, ग्लासभर पाण्यात "थोडीशी" पावडर पडते, उरलेलं पाकीट क्लिप लावून फ्रिजवर राहतं. मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, छोटं २०० मिलिलिटरसाठी. आकडा पाकिटावर छापलेला असतो. मोठं असेल तर फ्रिजमधली एक लिटरची बाटली मोजाला घ्या, उकळून गार केलेलं पाणी भरा आणि अख्खं पाकीट एकदमच त्यात रिकामं करा. घट्ट झालं तर मीठ बाधतं, पातळ झालं तर उपयोग नाही. वरून साखर, लिंबू, मीठ घालू नका, कालवल्यावर गरम करू नका, २४ तासांनी उरलेलं फेका. दोन वर्षांखालच्या मुलाला दर पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २००, मोठ्या माणसाला हवं तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने, सावकाश. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने.

दुकानात डब्यात मिळणारी गोड फळपेयं म्हणजे ओआरएस नव्हे. प्रमाणात न बसणाऱ्या पेयांच्या नावात हा शब्द वापरायला ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली. तरी घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचाच.

खाणं बंद करू नका. मऊ वरण-भात, मुगाची खिचडी, दही, केळ, आणि बाळाला अंगावरचं दूध, हे सगळं चालू ठेवा. झिंक ही दुसरी साधी गोष्ट: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात हे ओआरएससोबत मिळतं. जुलाब एकदम थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना कधीच देऊ नका, आणि रक्त किंवा ताप असेल तर मोठ्यांनीही घेऊ नका.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ४५ अंशांच्या उन्हात जुलाब लागले तर घामातूनही पाणी जातं, त्यामुळे सगळं दुपटीने घडतं. सिकलसेलच्या रुग्णाला पाणी कमी पडलं की पेशी अडकून असह्य दुखणं उसळतं. त्याच्यासाठी ओआरएस पहिल्या जुलाबापासून, आणि डॉक्टरांना त्याच दिवशी फोन. बीपी, मधुमेह किंवा किडनीच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही त्यांतल्या कोणत्या त्या दिवसांत थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारावं.

नळाचं पाणी पहिल्या पावसानंतर गढूळ आलं तर ते खळखळ उकळून प्या. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना जुलाब घडवणाऱ्या रोटाव्हायरस विषाणूवरची लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. ती चुकवू नका.

डॉक्टरांकडे जाताना उजेडात काढलेला लंगोटाचा किंवा शीचा फोटो, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, आणि शेवटची लघवी किती वाजता झाली एवढं सोबत असू द्या. तपासणीसाठी नमुना सांगितला तर तो स्वच्छ, कोरड्या डबीत, लघवी न मिसळता घ्या आणि तासाभरात लॅबमध्ये पोचवा. आव घडवणारा अमिबा जिवंत असताना हलताना दिसतो. सकाळचा नमुना दुपारी दिला तर तो सापडत नाही.